एक पुस्तक, दोन आवाज

"चपला काढा."

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एक माणूस उकिडवा बसून दाराखालच्या फटीत फोमची पट्टी कोंबत होता. चष्मा एका कानावरून उतरलेला. माझ्याकडे न बघताच, कुजबुजत, त्यानं हे फर्मान सोडलं.

"का?" मीही कुजबुजले. समोरचा कुजबुजायला लागला की आपलाही आवाज आपोआप खाली जातो.

"टाचा वाजतायत. आत रेकॉर्डिंग चालू आहे."

मी दाराच्या काचेतून आत डोकावले. एक टेबल, एक खुर्ची, एक माइक. "आत तर कुणीच नाही."

"माहीत आहे. खोलीची शांतता रेकॉर्ड करतोय."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा अवघडल्यासारखंच आलं. "शांतताही रेकॉर्ड करता?" कुजबुजायचं विसरून मी नेहमीच्या आवाजात विचारलं.

त्याच्या हातातली पट्टी सुटली. तो वळला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं – बोलणारी बाई तिथं कुठेतरी उभी असणार, अशा नजरेनं.

"परत बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही... नाही, नको. राहू दे." तो उठून उभा राहिला. "तुम्ही मावशींची मुलगी."

"हो. आणि तुम्ही शांतताराम."

"घरीसुद्धा तेच म्हणायच्या?"

"घरी तर रोज. आज शांतताराम चिडला, माझ्या गोळीचा कागद वाजला म्हणून. आज शांततारामनं माझं पोट गुरगुरलेलं पकडलं."

तो हसला. मी आईच्या वस्तू न्यायला आले होते.

ते दृष्टिहीनांसाठी चालवलेलं वाचनालय होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आई तिथं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जायची. तिच्या शेवटच्या पुस्तकाची एक प्रत घरीही होती, टाचणं लावलेली. शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी. एका घड्याळजीची हुशार, तोंडाळ मुलगी हळूहळू बोलेनाशी होते, उठेनाशी होते. आजारासारखं काहीच दिसत नाही, ताप नाही की जखम नाही, आणि घरच्यांना कळत नाही की हिला झालंय तरी काय. मी ही कादंबरी कॉलेजात असताना एकदा वाचली होती, मग परत एकदा, आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं की आपल्याला ती कळली.

आईनं ती बरोबर मध्यापर्यंत वाचली होती. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपते आणि हाक मारली तरी वळत नाही, तिथपर्यंत. पुढचा भाग मंगळवारी व्हायचा होता. रविवारी आई गेली.

शांततारामनं एक पिशवी आणून दिली. पाठीशी घ्यायची उशी, थर्मास, गोळ्यांचा डबा. मी निघाले तेवढ्यात खालून वाचनालयाच्या संचालिका आल्या. त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. मी त्यांचे आभार मानले आणि त्यांनी जिन्याचा कठडा धरला.

"अगदी... अगदी तोच आवाज," त्या म्हणाल्या.

मला हे नवं नव्हतं. फोनवर मी 'हॅलो' म्हटलं की आईच्या मैत्रिणी थेट गाऱ्हाणी सुरू करायच्या. पण मॅडमच्या डोक्यात काही वेगळं चाललं होतं. त्यांनी मला ऑफिसात बसवून सांगितलं, इथं एका पुस्तकाला एकच आवाज असतो. वाचक मध्येच सोडून गेला, तर झालेलं बाजूला ठेवून दुसरा वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो. ऐकणाऱ्याला मध्येच नवा माणूस चालत नाही.

"म्हणजे आईनं वाचलेलं..."

"बाजूला ठेवावं लागेल. माझ्याही जिवावर आलंय, पण सुरुवातीची काही प्रकरणं आम्ही नमुन्याला ऐकवली होती, आता लोक रोज फोन करतायत, त्या मुलीचं पुढं काय झालं म्हणून." त्या पुढे वाकल्या. "तुम्ही वाचलंत तर... जोड कुणाला कळणारही नाही."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' सांगणं हे माझं काम. स्वतः मोठ्यानं वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तेव्हा तर मी दुकानातूनही रजाच घेतली होती. दुपारी पडदे ओढायचे आणि संध्याकाळपर्यंत पडून राहायचे. केस विंचरायचा कंटाळा यायचा, मग विंचरले नाहीत याचा कंटाळा यायचा.

पण आईचं अर्धं पुस्तक कपाटात जाणार होतं. मी हो म्हटलं.

*

काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. त्यानं बटण दाबलं की त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये यायचा, थेट कानात, इतका जवळून की पहिल्या दिवशी मी दचकून मागेच वळून पाहिलं.

"मी समोर आहे," तो म्हणाला. "मागे भिंत आहे."

"कळलं."

"आधी थोडी शांतता घेऊ. हलू नका. नंतर वाक्यांच्या मधल्या फटी बुजवायला लागते."

आम्ही दोघं समोरासमोर मुद्दाम गप्प बसलो. त्याची नजर यंत्रावर होती, माझी त्याच्या तिरक्या चष्म्यावर. मग त्यानं मान वर केली. मी माझी नजर पुस्तकात नेली – जरा उशिराच नेली.

"झालं," कानात आवाज आला. "मावशींची शांतता चुळबुळी असायची. तुमची घट्ट आहे."

"शांततेतही माणूस ओळखू येतो?"

"मला येतो. दुसरं काय येतं मला."

मी आईचं शेवटचं प्रकरण पुन्हापुन्हा ऐकून तयारी केली होती. आई भरभर वाचायची, स्वच्छ, प्रत्येक वाक्य वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे असं. मी तसंच वाचलं. तिच्यासारखा श्वास घेतला, तिच्यासारखं 'आणि' या शब्दावर किंचित रेंगाळले. मॅडमना फार आवडलं. मी रोज येऊ लागले.

रोज यायचं म्हणजे रोज अंघोळ करायची, केस विंचरायचे. तेवढं तरी होत होतं.

माझं तोंड कोरडं पडलं की जिभेचा चटचट आवाज माइकला लागायचा. त्यावर उपाय म्हणून तो सफरचंदाच्या फोडी कापून आणायचा. पहिल्या दिवशी दोन जाड ठोकळे होते. आठवड्याभरात पातळ, सालं काढलेल्या, एका बशीत गोल मांडलेल्या.

"आईला पण अशाच द्यायचात?"

"त्या अख्खं सफरचंद कराकरा खायच्या. आणि खाताना तुमच्याबद्दल सांगायच्या."

"काय सांगायची?"

"ते मी कापून टाकलंय," तो म्हणाला. काचेपलीकडे त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

एकदा मोठी सर आली. खोलीबाहेरच्या पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की काम थांबवावंच लागलं. मी बाहेर येऊन त्याच्या टेबलाशी बसले. पाणी काचेवरून ओघळत होतं, खोलीत गरम झालेल्या यंत्रांचा वास होता, आणि मला आणखी एक मिनिटही सहन होणार नव्हतं.

"चष्मा काढा," मी म्हटलं.

"अं?"

"पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपतोय. काढा."

पर्समध्ये दुकानातला छोटा पेचकस होता. मी काडी गरम यंत्रावर धरून ऊन केली, वाकवली, स्क्रू पिळला, आणि सवयीनं उठून चष्मा त्याच्या नाकावर चढवला. कानामागे बसतोय का हे बोटानं पाहिलं. हे मी दिवसातून कितीतरी जणांना करते. पण तेव्हा बोट नको तितका वेळ तिथंच राहिलं.

"आता... कसं दिसतंय?" मी विचारलं.

"सरळ," तो म्हणाला. तो यंत्राकडे बघत नव्हता. "इतके दिवस सगळं जरा उतरतं दिसायचं. मला वाटायचं, जगच तसं आहे."

पाऊस थांबला हे आम्हाला जरा उशिराच कळलं.

*

पुढच्या आठवड्यात तो मला सारखा थांबवायला लागला. "लिफ्ट गेली. तेवढं वाक्य परत घ्या." मी घ्यायचे. पाचेक ओळी झाल्या की पुन्हा, "लिफ्ट."

मी नेहमी जिन्यानं यायचे. गुरुवारी मात्र हातात सफरचंदांची जड पिशवी होती – त्याच्यासाठीच घेतलेली – म्हणून लिफ्टकडे वळले. वर जाऊन काही बोलले नाही. हेडफोन घातला आणि वाचायला बसले.

"लिफ्ट गेली," कानात आवाज आला. "'खिडकीपाशी'पासून परत घ्या."

"कुठं गेली?"

"अं?"

"लिफ्ट. कुठं गेली म्हणते मी. सोमवारपासून तिच्या तारा काढून खाली अंथरून ठेवल्यात."

काचेपलीकडे घट्ट शांतता.

"...शेजारच्या इमारतीची असेल."

"शेजारी गोदाम आहे. एकमजली."

त्यानं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. "पुस्तक फार भराभर संपत आलंय," तो म्हणाला.

मला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून वर येणारा. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ एक शंका आली, ती मी बोलूनच टाकली.

"तुम्हाला आईच्या आवाजाची सवय झालीय. तो बंद होऊ नये म्हणून थांबवताय ना?"

त्यानं बटण सोडलं, उठला आणि दार उघडून आत आला.

"खरं सांगू? रागावाल."

"सांगा."

"तुमचा जोड मला सापडत नाही. मी रोज हेच करतो, तरी सापडत नाही. तुम्ही वाचताना कधीकधी मान वर करायलाही भीती वाटते मला. आणि मग तुम्ही थांबता, पाणी पिता, मला काहीतरी टोमणा मारता... तो आवाज वेगळा असतो. खालचा, जरा खरखरीत. मी थांबवतो ते त्या आवाजासाठी. वाचताना तुम्ही इथं नसताच."

"मी कामच ते करतेय. जोड कळू नये म्हणून."

"माहीत आहे. पण ती पुस्तकातली मुलगी पलंगावरून उठू शकत नाहीये, आणि तुम्ही तिची हजेरी घेताय. मावशींनी हे कसं वाचलं असतं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. त्यांनी ते वाचलंच नाही."

मी रागावले. अपेक्षेपेक्षा जास्त. सफरचंदं तशीच टाकून घरी आले.

घरी येऊन हट्टानं रोजच्या सरावाला बसले. पुढचं प्रकरण तसंच वाचायचं होतं, आईसारखं, आणखी नीट. मोठ्यानं दोन पानं वाचली असतील, तोच स्वयंपाकघरातून बाबा आले. ओले हात, खांद्यावर फडका. दारात उभे राहिले, मला पाहिलं आणि परत जायला वळले.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. वाच तू."

"बाबा."

ते फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते. "तुझं चाललंय ते चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण रोज संध्याकाळी ती बोलायला लागते आणि मी गॅस बंद करून बाहेर येतो. रोज फसतो गं. कळत असून फसतो." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि तू कुठं असतेस त्या वेळी? तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले."

एका दिवसात दोन पुरुषांनी मला तेच सांगितलं होतं, आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

मी पुस्तक मिटलं आणि बाबांबरोबर भाजी चिरायला गेले. चिरता चिरता रडले. बाबांनी मुकाट्यानं कांदा माझ्याकडे सरकवला, म्हणजे कुणाला काही विचारायला नको.

*

सकाळी मी त्याला सांगितलं, "माझी सगळी प्रकरणं पहिल्यापासून परत करायची आहेत. माझ्या आवाजात."

"मॅडम मावशींचा भाग काढतील."

"माहीत आहे."

"मग?"

"वाचून तर बघू."

मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली आहे. मी ते हळू वाचलं. त्या दुपारी कशा असतात ते मला ठाऊक होतं. पाणी प्यायचं असतं आणि तांब्या हाताशी असतो, तरी तो फार लांब वाटतो. मी आवाज कुठून आणला नाही, होता तो वापरला. मधे एका ठिकाणी श्वास तुटला. मी काचेकडे पाहिलं. त्यानं मला थांबवलं नाही.

मग ते प्रकरण आलं. खालच्या दुकानात एक घड्याळ चुकीच्या वेळी टोले देत राहतं. मुलगी पडून ऐकते, ऐकते, आणि शेवटी चिडते. इतके महिने तिला दुःखसुद्धा नीट होत नव्हतं, आणि आता चक्क राग येतो. ती उठते, अनवाणी जिना उतरते आणि बापाला म्हणते, हे ठीक करता येत नसेल तर मला द्या. मला ते वाचताना हसू आलं. ते हसू वाक्यातच राहिलं.

"परत घेऊ?" मी विचारलं.

"खबरदार," कानात आवाज आला.

मॅडमनी दोन प्रकरणं ऐकली आणि हेडफोन खाली ठेवला. "फार सुंदर आहे. पण हा दुसरा माणूस आहे. मला आईंचा भाग काढावाच लागेल, बाळ. नियम नियम आहे."

"तो नियम ऐकणाऱ्यांसाठी आहे ना?" मी विचारलं. माझा आवाज कापत होता, पण माझाच होता. "मग ऐकणाऱ्यांना विचारा. निदान बाईंना तरी."

बाई म्हणजे वाचनालयातल्या तपासनीस. मुळात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. तिशीनंतर दृष्टी गेली. प्रत्येक पुस्तक बाहेर पडण्याआधी त्या अथपासून इतिपर्यंत ऐकत आणि चुका सांगत. त्यांचा शब्द मॅडमही मोडत नसत. दोन दिवस त्यांनी तोवर झालेलं सगळं ऐकलं – आईचं, मग माझं. ते दोन दिवस मी दुकानात परत गेले आणि लोकांना खालची ओळ वाचायला लावली. काम चुकलं नाही, पण जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं ऑफिसात बसलो.

"आधीचं, नकलेचं, मी पास केलं होतं," बाई म्हणाल्या. "दुसरं माणूस आहे हे पहिल्याच वाक्याला कळलं होतं मला. पण पुढं काय होतं ते ऐकायची हाव सुटली. माझी चूक."

"मग आता?" मॅडमनी विचारलं.

"डोळे गेल्यावर मीही अशीच पडून होते. चांगली दोन-अडीच वर्षं. माझ्या बहिणीला विचारा, ती सांगेल. पलंगावर गेली ती एक बाई होती. उठून आली ती दुसरी. बोलणंसुद्धा तेच राहिलं नव्हतं." बाईंनी माझ्या दिशेनं चेहरा वळवला. "या पुस्तकात जिथं मुलगी आजारात शिरते, बरोबर तिथं आवाज बदलतो. एकाच आवाजात वाचलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं. यातला एक शब्द काढू नका. आईचा नाही, लेकीचा नाही."

मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण घालत-काढत होत्या.

"नियम मीच केला होता," शेवटी त्या म्हणाल्या. "आता मीच मोडते. पण शेवटची घोषणा नीट करा, दोन्ही नावं आली पाहिजेत."

जिन्यात आल्यावर मी शांततारामचा हात धरला. तो हात घेऊन आम्ही सबंध जिना चढलो.

*

शेवटचं प्रकरण मी त्याच दुपारी वाचलं. कादंबरी गाजावाजा न करता संपते. मुलगी बापाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी आहे. एक गिऱ्हाईक बिघडलेलं घड्याळ घेऊन येतं आणि घाई करतं. ती झाकण उघडून बघते आणि म्हणते, आज नाही होणार, उद्या या.

मी ते वाक्य वाचलं आणि थांबले. महिनोन्महिने जिला पुढचा तास दिसत नव्हता, ती किती सहज कुणाला तरी उद्याचं बोलावणं देत होती.

मग घोषणा. पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव. "वाचन," मी म्हटलं, आणि आईचं नाव घेतलं, पूर्ण, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. मग माझं. मग पद्धत नव्हती तरी "ध्वनिमुद्रण" म्हटलं आणि त्याचं नाव घेतलं – खरं, कागदोपत्री असलेलं.

काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. दार उघडून तो आत आला होता.

"दिवा लाल आहे," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग चालू आहे."

"असू दे. मला एक सांगायचंय, आणि बटण दाबून सांगायचं नाहीये."

"मग... सांगा."

"तुम्ही उद्यापासून येणार नाही, हे मला चालणार नाही." तो टेबलाच्या कडेला टेकला, परत उठला, कुठं उभं राहावं हे न कळल्यासारखा. "मला तुम्ही आवडता. आवाज नाही – म्हणजे आवाजही. पण घसा बसला, सर्दी झाली, तुम्ही महिनाभर बोललाच नाहीत, तरी आवडाल. पडून राहिलात तरी. मी बाजूला बसेन. मला गप्प बसायची सवय आहे."

मला वाटलं होतं, यापुढे आपल्याला काही फार आवडणार नाही. आईबरोबर ते खातं बंद झालं, असं मी धरून चालले होते. पण मी उभी होते, आणि मला या माणसाचा चेहरा दोन्ही हातांत धरायचा होता. मग मी तो धरला.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "पुरता. कानांसकट."

बराच वेळ तिथं रेकॉर्ड करण्यासारखं कुणी काही बोललं नाही.

मग त्याला यंत्राची आठवण झाली. माझ्या खांद्यावरून त्यानं लाल दिव्याकडे पाहिलं. "हे... कापू?"

"ठेव," मी म्हटलं. "फक्त वाचनालयाला देऊ नकोस."